आभाळातून पाहिलेली माणसे : वैमानिक छायाचित्रकार वॉल्टर मिटेलहोल्झर

उंचावरून खाली पाहण्याची ओढ माणसाला फार जुनी आहे. किल्ल्याच्या बुरुजावरचा पहारेकरी, डोंगरमाथ्यावरचा गुराखी, पिकात मचाणावर बसलेला राखणदार, हे सारे आपापल्या कामासाठी उंचावर जातात आणि काम विसरून क्षणभर पाहतच राहतात. आपल्या भागातून तोरणमाळला गेलेला प्रत्येक जण सीताखाईच्या कड्यापाशी थांबतोच. खाली दिसणारे जग रोजचेच असते, परंतु त्याची मांडणी प्रथमच डोळ्यांत भरते. वाट कोठून निघाली, नाला कोठे वळला, कोणाचे शेत कोणाला लागून आहे, हे जमिनीवर उभे राहून कळत नाही.

ही ओढ आणि कॅमेरा यांची गाठ १८५८ साली पडली. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ बलूनमध्ये बसून पहिले आकाशचित्र घेतले. पुढे विमान आले, पहिले महायुद्ध आले, आणि शत्रूचे खंदक टिपण्यासाठी विमानातून छायाचित्रे घेण्याची विद्या झपाट्याने वाढली. युद्ध संपल्यावर ही विद्या हाती घेऊन एक तरुण बाहेर पडला आणि त्याने बर्फाळ ध्रुवप्रदेशापासून आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंतची शहरे, वाड्या, डोंगर आणि माणसे काचेवर उतरवून आणली. त्यांचे नाव वॉल्टर मिटेलहोल्झर. स्वित्झर्लंडमध्ये त्यांच्या हयातीत हे नाव घरोघरी पोचले होते. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही. त्यांचे आयुष्य केवळ साहसकथा म्हणून वाचले तरी गोडी लागते. पण मी सारंगखेड्याचा. दरवर्षी ज्या गावाची छायाचित्रे बाहेरून आलेली माणसे घेऊन जातात, त्या गावात वाढलो. त्यामुळे हे चरित्र वाचताना मला कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजू दिसत राहिल्या. या लेखात त्या दोन्हींविषयी लिहायचे आहे.

वॉल्टर मिटेलहोल्झर यांचा जन्म २ एप्रिल १८९४ रोजी स्वित्झर्लंडच्या पूर्व भागातील सेंट गालेन या शहरी झाला. वडील पाव-बिस्किटे भाजणारे बेकरीवाले. घरची परिस्थिती खाऊनपिऊन बरी, परंतु विमाने बाळगण्याइतकी खासच नव्हती. गावाच्या दक्षिणेला आल्प्सचे डोंगर. तरुणपणी मिटेलहोल्झर यांना दोन नाद लागले, एक गिर्यारोहणाचा आणि दुसरा छायाचित्रणाचा. दुसऱ्या नादाचा त्यांनी धंदा केला. छायाचित्रकाराचे रीतसर शिक्षण घेतले, आणि महायुद्धाच्या काळात स्विस सैन्याच्या विमानदलात ते प्रथम दाखल झाले तेही छायाचित्रकार म्हणूनच. स्वित्झर्लंड युद्धात उतरला नव्हता, तरी सीमेवर सैन्य सज्ज होते, आणि ड्यूबेनडॉर्फच्या विमानतळावर नवी विमानविद्या शिकवली जात होती. तेथेच मिटेलहोल्झर यांनी १९१७ साली वैमानिकाचा परवाना मिळवला आणि १९१८ मध्ये लष्करी वैमानिकाचे शिक्षण पुरे केले.

हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ते आधी छायाचित्रकार होते, मग वैमानिक झाले. उडण्याचा आनंद त्यांना होताच, परंतु उडायचे ते पाहण्यासाठी आणि पाहिलेले दुसऱ्याला दाखवण्यासाठी, हा त्यांच्या आयुष्याचा धागा शेवटपर्यंत तुटला नाही.

युद्ध संपले आणि युरोपभर शेकडो वैमानिक बेकार झाले. विमाने होती, चालवणारे होते, पण विमानात बसायला पैसे देणारा प्रवासी मिळणे कठीण. अशा वेळी ५ नोव्हेंबर १९१९ रोजी मिटेलहोल्झर यांनी आल्फ्रेड कोम्ट या वैमानिकाच्या भागीदारीत हवाई छायाचित्रांची आणि प्रवासी उड्डाणांची एक छोटी कंपनी काढली. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, ही कंपनी अधिक भांडवल असलेल्या अ‍ॅड अस्त्रा या कंपनीत विलीन झाली, आणि मिटेलहोल्झर तिचे संचालक व प्रमुख वैमानिक झाले.

हवाई छायाचित्रे विकत कोण घेणार, असा प्रश्न आपल्याला पडेल. परंतु गिऱ्हाइके होती. कारखानदाराला आपला कारखाना धुराड्यांसह एका चित्रात हवा असे. नगरपालिकेला शहराची वाढ पाहायची असे. रस्ते, लोहमार्ग आणि धरणे बांधणाऱ्या इंजिनिअरांना दऱ्याखोऱ्यांचे चित्र लागे. भूगोलाच्या पुस्तकांना, पोस्टकार्डांना, वर्तमानपत्रांना नवी चित्रे हवीच होती. प्रवाशांनी जे उत्पन्न दिले नसते ते चित्रांनी दिले. विमान उडवायला पैसा लागतो, आणि तो पैसा विमानातून घेतलेली चित्रेच मिळवून देतील, हे ज्या थोड्या लोकांनी ओळखले त्यांत ते होते.

हे काम कसे चालत असे, तेही सांगितले पाहिजे. आजच्यासारखा खिशात मावणारा कॅमेरा तेव्हा नव्हता. जड लाकडी-धातूचा कॅमेरा, त्यात एका वेळी एक काचेची पट्टी. विमान उघडे, वारा तोंडावर आदळणारा, थंडीने बोटे बधिर झालेली. कॅमेरा विमानाच्या कडेला टेकवावा तर इंजिनाची थरथर चित्रात उतरते, म्हणून तो हातांत तोलून धरायचा. विमान वेगात जात असल्याने झडप क्षणार्धात उघडून मिटली पाहिजे, नाहीतर सारे पुसट. हवाई चित्रांचे दोन प्रकार असतात. एक सरळ खाली रोखून घेतलेले, ज्यावरून नकाशे काढतात. दुसरे तिरकस, ज्यात डोंगराची उंची, घरांच्या भिंती आणि क्षितिज दिसते. मिटेलहोल्झर यांची ख्याती या दुसऱ्या प्रकारात. सकाळ-संध्याकाळच्या कलत्या उन्हात सावल्या लांबतात आणि जमिनीचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो, हे गिर्यारोहकाच्या अनुभवाने त्यांना ठाऊक होते. त्यांच्या आल्प्सच्या चित्रांत डोंगर केवळ भव्य दिसत नाहीत. त्यांवर कोठून चढता येईल हेही दिसते.

१९२३ च्या उन्हाळ्यात त्यांना पहिली मोठी संधी मिळाली. नॉर्वेचे संशोधक रोआल्ड आमुंडसेन उत्तर ध्रुवावरून विमानाने जाणार होते, आणि त्यांच्या मदतीसाठी जर्मनीच्या युंकर्स कंपनीने स्पिट्सबर्गेन बेटांवर एक तुकडी पाठवली. आमुंडसेन यांचा बेत रद्द झाला, पण तुकडी मागे फिरली नाही. वर्षातले बहुतेक महिने बर्फाखाली असलेल्या त्या बेटांवरून विमान फिरले आणि मिटेलहोल्झर यांनी चित्रे घेतली. पायी जाणाऱ्या संशोधकांना ज्या हिमनद्या ओलांडायला आठवडे लागत, त्यांचा विस्तार काही तासांत काचेवर आला. ध्रुव हाती आला नाही, परंतु नकाशा करणाऱ्यांच्या हाती मोठा ऐवज आला. ठरवलेले काम बारगळले तरी समोर असलेले काम करून परतायचे, हा गुण येथे प्रथम दिसतो.

यानंतर १९२४ च्या डिसेंबरात ते झ्युरिकहून पर्शियाकडे, म्हणजे आजच्या इराणकडे निघाले. युंकर्स कंपनीचेच छोटे विमान, वाटेत तुर्कस्तान आणि वाळवंट, आणि शेवटी तेहरान. या प्रवासात त्यांनी देमावंद शिखराची, इस्फहानची, पर्सेपोलिसच्या भग्न राजवाड्यांची चित्रे घेतली. येथे प्रथमच त्यांचा कॅमेरा डोंगरांवरून शहरांकडे वळला, असे मला वाटते.

इस्फहानची गोष्ट पाहा. तेथला सतराव्या शतकात आखलेला भव्य राजचौक जगप्रसिद्ध आहे. जमिनीवर उभ्या माणसाला त्या चौकात कमानी दिसतात, निळे घुमट दिसतात. परंतु वरून पाहिले की त्या शहराचा सारा व्यवहार उलगडतो. एका बाजूला मशीद, एका बाजूला राजवाडा आणि एका टोकाला बाजाराचे प्रवेशद्वार. तेथून निघालेला बाजार छपराखालून लांबवर गेलेला, त्याच्या छपरावर ओळीने छोटे घुमट. चौकाबाहेर मातीच्या भिंतींची घरे, प्रत्येक घराच्या पोटात एक अंगण. रस्त्याकडे पाठ आणि अंगणाकडे तोंड करून बसलेले ते शहर. उन्हापासून बचाव कसा करावा, घरातले खासगीपण कसे राखावे, देवधर्म, सत्ता आणि व्यापार यांनी एकमेकांपासून किती अंतरावर बसावे, हे सारे त्या मांडणीत लिहिलेले असते. संस्कृती म्हणजे केवळ पोशाख आणि नाच नव्हे, घरे कशी बांधली आणि वाटा कोठून काढल्या यातही ती असते, हा धडा अशा एका चित्रातून मिळतो. आपल्याकडील वाड्यांची चौकट, पेठांची रचना, गावाबाहेर ठेवलेली वस्ती, हे सारे वरून पाहिले तर असेच बोलू लागेल. आणि त्यातले काही बोल ऐकायला कडूही असतील.

मिटेलहोल्झर यांचे नाव खऱ्या अर्थाने गाजले ते आफ्रिकेच्या उड्डाणाने. ७ डिसेंबर १९२६ रोजी झ्युरिकच्या सरोवरातून त्यांचे डॉर्निअर मर्कूर जातीचे विमान उठले. विमानाला चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे तराफे होते, कारण वाटेत धावपट्ट्या नव्हत्या, नद्या आणि सरोवरे मात्र होती. बरोबर तीन सोबती होते. आर्नोल्ड हाइम हे भूगर्भशास्त्रज्ञ, रने गूझी हे लेखक आणि हान्स हार्टमान हे यंत्रज्ञ. यांपैकी हाइम पुढे १९३६ साली हिमालयाच्या अभ्यासासाठी आपल्या देशातही आले होते. इटली, ग्रीस, अलेक्झांड्रिया असे करत विमान नाईल नदीवर आले. नाईलच्या काठाने दक्षिणेकडे, मग व्हिक्टोरिया, टांगानिका आणि न्यासा ही मोठी सरोवरे, मग मोझांबिकचा किनारा, आणि अखेर २१ फेब्रुवारी १९२७ रोजी केपटाउन. अंतर सुमारे वीस हजार किलोमीटर.

आफ्रिकेवरून केपटाउनला विमानाने पोचणारे ते पहिले नव्हते. त्यांच्या आदल्याच वर्षी ॲलन कॉबम हे इंग्रज वैमानिक लंडनहून तेथे जाऊन परतले होते. मिटेलहोल्झर यांचे वैशिष्ट्य दुसऱ्याच गोष्टीत आहे, आणि ते आकड्यांत पाहता येते. या प्रवासाला ७७ दिवस लागले. त्यांपैकी प्रत्यक्ष हवेत घालवलेला वेळ सुमारे शंभर तास, म्हणजे जेमतेम चार दिवस. उरलेले सारे दिवस जमिनीवर आणि पाण्यावर गेले. पेट्रोलची वाट पाहण्यात, इंजिनाच्या दुरुस्तीत, पावसाळी ढग निवळण्याची प्रतीक्षा करण्यात, आणि नदीकाठच्या वस्त्यांत फिरून माणसांची चित्रे घेण्यात. ज्या वैमानिकाला केवळ विक्रम करायचा असतो त्याला हे दिवस वाया गेलेले वाटतात. मिटेलहोल्झर यांच्या संग्रहातून ते दिवस वगळले तर संग्रह निम्मा होईल. वरून घेतलेल्या चित्रात गोल झोपड्यांचे पुंजके, मधले गुरांचे कुंपण, नदीकडे जाणारी पायवाट. खाली उतरल्यावर घेतलेल्या चित्रात त्याच झोपडीच्या दारात उभे माणूस, नावाडी, बाजारात बसलेल्या बाया. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की वस्ती समजते.

परतल्यावर या उड्डाणाचे पुस्तक झाले, व्याख्याने झाली, चित्रपट झाला. लाझार व्हेक्स्लर यांच्या भागीदारीत त्यांनी १९२४ सालीच प्राइझेन्स ही चित्रपटसंस्था काढलेली होती. ही संस्था पुढे स्विस चित्रपटसृष्टीत फार महत्त्वाची ठरली. आता तिचा त्यांना उपयोग झाला. सभागृहे भरू लागली. ज्या शेतकऱ्याने आपला जिल्हा ओलांडला नव्हता तो संध्याकाळी खुर्चीत बसून नाईल नदी पाहून येऊ लागला. दूरचे जग सामान्य माणसाच्या घरात आणण्याचे हे काम मोठे होते, यात शंका नाही.

परंतु चरित्र लिहिणाऱ्याने येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्यांची चित्रे घेतली त्यांचे काय? त्या काळच्या आफ्रिकेवर इंग्रज, पोर्तुगीज, बेल्जियन आणि फ्रेंच यांची सत्ता होती. स्वित्झर्लंडची तेथे वसाहत नव्हती, तरी विमान उतरत होते ते त्या सत्तांच्या परवानगीने, आणि पाहणारा डोळाही त्याच काळाचा होता. चित्राखालच्या मजकुरात डोंगराचे नाव असते, त्याची उंची असते, विमानाची जात असते. माणसाच्या चित्राखाली मात्र बहुधा केवळ जमातीचे नाव. शिलुक पुरुष, मसाई स्त्री. त्या माणसाला आईबापांनी ठेवलेले एक नाव असेल, त्याचा काही व्यवसाय असेल, त्या दिवशी तो कोठे निघाला असेल, याची नोंद नाही. चित्र सुंदर आहे, प्रकाश अचूक आहे, चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसते. फक्त माणूस अनामिक आहे.

हे वाचताना मी आफ्रिकेत नव्हतो, आपल्याच जिल्ह्यात होतो. माझ्या वर्गातील कित्येक मित्र सातपुड्यातून येतात, भिल्ल आणि पावरा समाजाचे. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. कमरेला घुंगरू बांधून, डोक्यावर मोरपिसांचे टोप घालून रात्रभर नाचणाऱ्या तरुणांची छायाचित्रे आपण पुस्तकांत, भिंतीवरच्या दिनदर्शिकांत पाहतो. खाली मजकूर असतो, आदिवासी नृत्य. त्या तरुणाने त्या नाचासाठी किती दिवस पाळणूक केली, तो कोणत्या पाड्याचा, एरवी काय करतो, हे कोणी लिहीत नाही. मिटेलहोल्झर यांना जाऊन आता सुमारे नव्वद वर्षे झाली, वसाहती गेल्या, कॅमेरे बदलले, पण ही सवय गेली नाही. म्हणून केवळ त्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही.

पुढील वर्षांत त्यांची कीर्ती वाढत गेली, आणि गिऱ्हाइकेही मोठी झाली. १९२९ च्या अखेरीस व्हिएन्नाचे धनाढ्य बॅरन लुई रोथशिल्ड यांना घेऊन ते तीन इंजिनांच्या फोकर विमानाने पूर्व आफ्रिकेत सेरेंगेटीच्या शिकारीवर गेले. या मोहिमेत ८ जानेवारी १९३० रोजी त्यांनी किलिमांजारोवरून विमान नेले. ५,८९५ मीटर उंचीच्या त्या शिखरावरून उडणारे ते पहिले वैमानिक मानले जातात. वितळत्या बर्फाची कडी आणि मधोमध ज्वालामुखीचे तोंड, असे त्या शिखराचे रूप त्यांच्या चित्रांत उतरले. आज किलिमांजारोवरील बर्फ किती घटले हे ज्यांना अजमावायचे आहे त्यांना हे जुने चित्र पुरावा म्हणून उपयोगी पडते. ज्या हेतूने चित्र घेतले त्याहून वेगळाच उपयोग काळ त्याला देतो. १९३०-३१ मध्ये ते सहारा ओलांडून चाड सरोवरापर्यंत गेले.

१९३१ साली अ‍ॅड अस्त्रा आणि बालएअर या दोन कंपन्या एक होऊन स्विसएअर ही कंपनी जन्मली आणि मिटेलहोल्झर तिचे तांत्रिक संचालक झाले. चित्रांच्या धंद्यातून उभ्या राहिलेल्या माणसाने देशाची प्रवासी वाहतूक उभी केली. आपल्याकडे पुढच्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाचे छोटे विमान मुंबईला आणले, हे वाचकांना आठवेलच. दोन्ही देशांत विमानवाहतुकीची सुरुवात अशी थोड्या माणसांच्या हिमतीवर झाली.

१९३४ च्या सुरुवातीला त्यांनी आणखी एक लांबचे उड्डाण केले. अ‍ॅबिसिनियाचे, म्हणजे इथिओपियाचे सम्राट हाइले सेलासी यांनी एक फोकर विमान घेतले होते, ते त्यांना नेऊन पोचवायचे होते. या निमित्ताने एका स्वतंत्र आफ्रिकी देशाची, त्याच्या राजधानीची आणि माणसांची चित्रे मिटेलहोल्झर यांनी घेतली. पुढच्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९३५ रोजी, मुसोलिनीच्या इटलीने त्या देशावर आक्रमण केले आणि विमानांतून त्याच डोंगराळ मुलखावर विषारी वायू सोडला. म्हणून १९३४ ची ती चित्रे आज पाहताना मन अस्वस्थ होते. एका वर्षी आकाशातून कॅमेरा आला, पुढच्या वर्षी त्याच आकाशातून मृत्यू आला. खालून पाहणाऱ्या माणसाला दोन्ही विमानांचा आवाज सारखाच ऐकू येतो. उंचावरून पाहण्याची शक्ती ज्याच्या हाती असते त्याच्या मनात काय आहे, यावर खालच्या माणसाचे सारे अवलंबून असते.

हे आपल्याला दूरचे वाटू नये. नर्मदेवरील सरदार सरोवराचे पाणी वरून पाहिले तर निळे, शांत आणि देखणे दिसते. त्या पाण्याखाली आपल्याच जिल्ह्यातील मणिबेलीसारखी गावे गेली आहेत. तेथली घरे, शेते, देवांची ठाणी, पिढ्यांच्या वाटा, यांतले काहीही त्या चित्रात येत नाही. चित्र खोटे नसते, परंतु पुरेसेही नसते. ते पुरे करायला कोणीतरी खाली उतरून विचारावे लागते.

मिटेलहोल्झर खाली उतरत होते, ही त्यांची मोठी जमेची बाजू. डोंगरावरून उडणाऱ्या या माणसाने पायी डोंगर चढणे कधी सोडले नाही. आणि त्यातच त्यांचा अंत झाला. ९ मे १९३७ रोजी ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात गिर्यारोहण करताना अपघात होऊन त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेचाळीस. वादळे, वाळवंटे, बर्फ आणि नादुरुस्त इंजिने यांतून सुखरूप परतलेला वैमानिक दोन पायांवर चालताना गेला. याला कोणी दैवाचा खेळ म्हणतील. मला त्यात त्यांच्या स्वभावाची संगती दिसते. जो डोंगर आकाशातून पाहिला तो हातापायांनीही ओळखला पाहिजे, असे मानणारा तो माणूस होता.

त्यांनी उभी केलेली स्विसएअर कंपनी २००२ साली बंद पडली. विमाने मोडीत गेली, विक्रम इतरांनी मोडले. राहिली ती चित्रे. झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांची सुमारे १८,५०० छायाचित्रे जपून ठेवली आहेत, आणि जगातील कोणालाही पाहता येतील अशी त्यांची व्यवस्था केली आहे. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणकावरही ती पाहता येतात. इस्फहानच्या गल्ल्या कोठे रुंद झाल्या, झ्युरिकच्या सरोवराकाठची शेते कधी गेली, कोणती हिमनदी किती मागे सरली, असे प्रश्न घेऊन अभ्यासक त्यांच्याकडे येतात. आपल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी. कागदपत्रांइतकेच छायाचित्रही इतिहासाचे साधन आहे, मात्र त्यावर तारीख, ठिकाण आणि नाव असले पाहिजे.

आता थोडे आपल्या गावाविषयी. तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला भरते, आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. गेल्या काही वर्षांत यात्रेला चेतक महोत्सवाची जोड मिळाली. आता दूरदूरचे छायाचित्रकार येतात आणि ड्रोनही घिरट्या घालतात. मिटेलहोल्झर यांना ज्यासाठी विमान, पेट्रोल आणि हिंमत लागली, ते काम आता मुठीएवढे यंत्र करते. त्यातून यात्रेचे जे रूप दिसते ते खरोखर पाहण्यासारखे असते. नदीचे पात्र, पूल, तंबूंच्या रांगा, धुळीचे लोट आणि हजारो ठिपके. इतकी वर्षे यात्रेत हिंडूनही बाजाराची ती आखणी मला खालून दिसली नव्हती.

पण घोडा वरून पारखता येत नाही. बाजारातला जाणता माणूस आधी घोड्याचे दात पाहतो, अंगावरचे भोवरे मोजतो, खूर उचलून बघतो, रेवाळ चाल चालवून घेतो. नुकरा आहे की अबलख, पंचकल्याण आहे की नाही, हे ठिपक्यात दिसत नाही. सौदा ठरतो तो उपरण्याखाली, बोटांच्या खुणांनी, तोही आकाशातून दिसत नाही. आणि वर्षभर जनावर जिवापाड सांभाळून ते विकून परत निघालेल्या माणसाचा चेहरा तर कोणत्याच उंचीवरून दिसत नाही. त्यासाठी त्याच्या शेजारी बसावे लागते.

म्हणून मिटेलहोल्झर यांच्या चरित्रातून आपण काय घ्यावे, याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे. त्यांची जिज्ञासा घ्यावी, हुन्नर घ्यावा, बेकरीवाल्याच्या घरातून निघून जग पाहण्याची ईर्षा घ्यावी. शंभर तास हवेत आणि सत्तरहून अधिक दिवस जमिनीवर, हे त्यांचे प्रमाणही घ्यावे. जे त्यांच्या काळात राहून गेले ते मात्र आपण पुरे करावे. आता कॅमेरा आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे. आपल्या गावाची, आपल्या पाड्याची चित्रे बाहेरच्या माणसानेच घ्यावीत असे काही राहिलेले नाही. काठीच्या होळीत नाचणारा माझा वर्गमित्र स्वतःच्या गावाचे चित्र घेईल तेव्हा त्याला चित्राखाली जमातीचे नाव लिहून भागणार नाही, कारण समोर नाचणारा त्याचा काका असेल, मामा असेल.

या वर्षी यात्रेला, होळीला किंवा आपल्या गावच्या आठवडे बाजाराला जाल तेव्हा चित्रे जरूर घ्या. वरून घ्या, जवळून घ्या. घेण्यापूर्वी विचारा, आणि घेतल्यावर माणसाचे नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या पन्नास वर्षांनी आपल्या जिल्ह्याचा इतिहास लिहिणारा कोणी ती चित्रे उघडील, तेव्हा त्याला डोंगराच्या नावाबरोबर माणसाचेही नाव सापडले पाहिजे.